क्लॉज (उपवाक्य) ओळखताना इफ, व्हेअर, दॅट आलं की गोंधळ होतोय, कोणी समजावेल का

तयारी_चालू
एमपीएससीच्या कंबाइन मेन्ससाठी इंग्लिश ग्रामर करतोय. क्लासच्या नोट्समध्ये लिस्ट दिलीय की हू, विच आलं तर ॲडजेक्टिव्ह क्लॉज, इफ, व्हेन, व्हेअर आलं तर ॲडव्हर्ब क्लॉज आणि व्हॉट, हाऊ, दॅट आलं तर नाउन क्लॉज. लिस्ट तोंडपाठ आहे पण प्रॅक्टिस सेट सोडवायला घेतला की निम्मी उत्तरं चुकतात. आता ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ याचं उत्तर नाउन क्लॉज दिलंय, इफ असताना नाउन कसा काय? सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्सचं पण सांगा प्लीज.

भाषावेडी
ती लिस्ट आधी बाजूला ठेवा, त्या लिस्टनेच सगळा घोळ होतो. क्लॉजचं नाव पहिल्या शब्दावरून ठरत नाही, तो त्या वाक्यात काय काम करतोय त्यावरून ठरतं. एकच व्हेअर घेऊन बघा.
‘आय नो व्हेअर ही लिव्ज’ इथे काय माहीत आहे? तो कुठे राहतो ते. म्हणजे क्लॉज कर्माच्या जागी बसलाय, तो काढून नुसतं ‘इट’ टाकलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणून नाउन.
‘धिस इज द हाऊस व्हेअर ही लिव्ज’ यात कोणतं घर ते सांगितलंय, हाऊस या नामाला चिकटून आलाय, म्हणून ॲडजेक्टिव्ह.
‘स्टे व्हेअर यू आर’ यात कुठे थांब ते कळतं, क्रियापदाबद्दल माहिती, म्हणून ॲडव्हर्ब.
तुमच्या इफचं पण तेच. ‘आय डोन्ट नो इट’ चालतं ना, आणि तिथे इफचा अर्थ व्हेदर आहे, अट वगैरे काही नाही. ‘आय विल गो इफ ही कम्स’ मध्ये मात्र खरी अट आहे, तो ॲडव्हर्ब.

निवृत्त_शिक्षक
ताईंनी छान सांगितलंय. त्याच्याही आधी एक सवय लावा, वाक्य वाचलं की काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा, जेवढी सापडतील तेवढे क्लॉज. ‘हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’ यात काळ दाखवणारं फक्त वेंट, म्हणून सिंपल. ‘व्हेन ही हॅड फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’ यात हॅड फिनिश्ड मिळून एक आणि वेंट दुसरं, एक क्लॉज दुसऱ्यावर अवलंबून, म्हणून कॉम्प्लेक्स. ‘ही फिनिश्ड हिज वर्क अँड ही वेंट होम’ हे दोन्ही स्वतंत्र, म्हणून कंपाउंड. वाक्य लांब आहे की आखूड याच्याशी काही संबंध नाही, मुलं तिथेच फसतात. आणि ‘द बुक आय बॉट येस्टरडे इज टॉर्न’ असलं वाक्य आलं तर जपून, दॅट गाळलेला असतो पण बॉट आणि इज अशी दोन क्रियापदं आहेत, कॉम्प्लेक्सच.
वाक्य बदलताना आपल्याकडे अजून एक चूक फार होते. मराठीत जरी-तरीची जोडी लागते म्हणून मुलं ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ लिहितात. दो किंवा बट, एकच ठेवायचं. दो ठेवलं की कॉम्प्लेक्स, बट ठेवलं की कंपाउंड, ‘इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी’ केलं की सिंपल.

कोल्हापूरकर
सर, दुसरा ‘ही’ काढून ‘ही फिनिश्ड हिज वर्क अँड वेंट होम’ केलं तर? काही ठिकाणी याला सिंपल म्हणतात, कर्ता एकच आहे म्हणून.

निवृत्त_शिक्षक
बरोबर आहे, तशीही एक पद्धत आहे. पण आपल्या शालेय व्याकरणात दुसरा कर्ता अध्याहृत धरून कंपाउंड म्हणतात, परीक्षेत तेच धरा.

तयारी_चालू
खूप खूप धन्यवाद सर, ताई. इटवाली ट्रिक लावून बघितली, बरीच सुटली. फक्त एक अडलंय, ‘द न्यूज दॅट ही हॅज पास्ड इज ट्रू’. क्लॉज न्यूज या नामाच्या मागून आलाय तरी उत्तर नाउन क्लॉज??

भाषावेडी
याच्या शेजारी ‘द न्यूज दॅट यू टोल्ड मी इज ट्रू’ लिहा. इथे दॅटच्या जागी विच चालतं, कारण ‘यू टोल्ड मी’ एकटं अर्धवट आहे, काय सांगितलं ते दॅटमध्येच आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह. तुमच्या वाक्यात ‘ही हॅज पास्ड’ स्वतःच पूर्ण आहे, विच बसतच नाही, आणि तो पास झाला हीच तर बातमी आहे, म्हणून नाउन. फॅक्ट, होप, रूमर, बिलीफ यांच्यामागे दॅट आला तर आधी हीच विचची टेस्ट लावा.