मुलांना योगासनं मजेत कशी शिकवायची? शवासनाला सगळा घोळ होतोय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी स्वतः बरीच वर्षं योगासनं करते पण शिकवायचा अनुभव शून्य. बिल्डिंगमधल्या दोघीतिघी म्हणाल्या पोरांना जरा तासभर गुंतव की, आणि मी पण हो म्हणून बसले. आठ मुलं आहेत, वय 5 ते 9, शनिवार-रविवार सकाळी.

पहिल्या दिवशी मोठ्यांसारखंच सुरू केलं, ताठ बसा, डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या. दोन मिनिटं पण टिकलं नाही. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याने शेजारच्याकडे बघणं चालू, मग कोणीतरी खुदकन हसलं की संपलंच. सूर्यनमस्काराच्या 12 स्थिती आकडे मोजत घ्यायला गेले तर चौथ्यालाच पाच जणांची तोंडं पाच दिशांना.

मग प्राणी काढले आणि जमायला लागलं. भुजंगासनात फुस्स, मार्जारासनात म्याऊ, सिंहासनात जीभ बाहेर काढून गर्जना (ही इतकी आवडली की थांबवता थांबवता माझाच घसा बसला). तसं घेरंडसंहिता या जुन्या योगग्रंथातल्या 32 आसनांत बघितलं तर मासा, कासव, मोर, बेडूक, उंट, टोळ, मगर, गरुड अशी फौजच आहे त्यामुळे प्राण्यांचा तुटवडा नाही. वृक्षासनात सगळ्यात छोटी दरवेळी पडते आणि उठून शांतपणे सांगते, "वारा आला ना." आता सगळ्यांनाच वारा येतो ते सोडा.

खरी अडचण शेवटी. शवासन म्हटलं की कोणी घोरण्याची नक्कल करतं, कोणी हळूच पाय लावतं, आणि तासभर केलेलं सगळं पाण्यात, मुलं आली होती त्याहून जास्त उधळून घरी जातात. शिवाय दोन मोठी मुलं प्रत्येक आसनाची शर्यत करतात, एक मुलगा कोपऱ्यात नुसता बसून असतो, आणि एका आईला शीर्षासन कधी शिकवणार ते हवंय. प्लीज सुचवा काहीतरी.

प्रतिसाद 1

ताई, आधी तो तास कमी करा हो, या वयाला 25-30 मिनिटं भरपूर झाली. शवासनाच्या आधी भ्रामरी घ्या, कान बंद करून मधमाशीसारखं म्म्म्म, पाचेक वेळा. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो ना, त्यात पोरं आपोआप गप्प होतात, गप्प बसा म्हणावं लागत नाही. मग आडवं करून प्रत्येकाच्या पोटावर एक छोटं सॉफ्ट टॉय ठेवा. श्वास घेतला की ते वर, सोडला की खाली, आणि ते झोपलंय त्याला उठवायचं नाही. डोळे मिटा हे तर म्हणूच नका. सुरुवातीला एक मिनिट, बास.

शर्यतीला उपाय म्हणजे वृक्षासन गोल करून हात धरून करायचं. एक हलला की सगळं जंगल हलतं, मग कोण एकटा जिंकणार? शीर्षासन अजिबात नको, डोक्यावर आणि मानेवर बराच भार येतो आणि या वयात ते नीट सांभाळता येत नाही, त्या आईंना स्पष्ट सांगा. श्वास रोखून धरायला लावणं पण नको. कोपऱ्यातल्याला ओढू नका, पुढचा प्राणी कुठला ते त्याला ठरवू दे.

प्रतिसाद 2

वरच्याला +1. फक्त प्राण्यांच्या नादात खरी नावं सोडू नका. माझी लेक 'अधोमुख श्वानासन' हे न अडखळता म्हणता येतं म्हणून दिवसभर घरात तेच करून दाखवायची.

धागाकर्तीचा अपडेट

खूप खूप आभार! भ्रामरी हिट आहे. जंगल दोनदा कोसळलं पण भांडण नाही झालं. कोपऱ्यातल्याने 'टोळ' सांगितलं, बाकीचे पालथे पडून पाय उचलायला लागले तरी हा बसूनच, पण दुसऱ्या दिवशी कागदावर सात प्राणी लिहून घेऊन आला. शवासन चक्क दीड मिनिट झालं. आता एकच प्रॉब्लेम, पोटावरचं अस्वल खरंच हलतंय का ते बघायला सगळे मान वर करून पडतात. यावर काही आहे का?