शाई केल्यावर कॉमिकचं पान सपाट का दिसतं?

निळीरेघ:
पेन्सिलीत पान भरीव दिसतं, पण टाकाने शाई केली की माणसं, भिंती, झाडं सगळं एकाच पातळीवर येतं. कागद ए3, 200 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. जी निब (दाबानुसार रेघ जाड-बारीक करणारं टाकाचं लवचीक टोक) आणि वॉटरप्रूफ इंडियन इंक. छपाई ए4 आकारात होणार आहे. शिवाय काही ठिकाणी रेघ फुटून केसाळ होते, आणि शेवटी संवादाचे फुगे टाकताना पात्रांची डोकी झाकली जातात. क्रम नेमका कसा असावा?

चौकटराजा:
फुग्यांपासून सुरुवात करा, कारण पानावरची जागा तेच ठरवतात. आधी तळहाताएवढा कच्चा आराखडा काढायचा आणि त्यातच फुगे मांडायचे. जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे किंवा वर. हे इथे जुळलं नाही तर मोठ्या कागदावरही जुळत नाही.

मग ए3 वर चौकटी आखा, दोन चौकटींमध्ये 6 मिमी फट ठेवा आणि चित्राला हात लावण्याआधी अक्षरं पेन्सिलीने लिहून घ्या. ए3 चं ए4 होताना सगळं 71 टक्के होतं. म्हणजे शिरोरेषेपासून खाली 4 मिमी उंच अक्षर छापल्यावर 2.8 मिमी उरतं. त्याहून लहान नको. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन शिरोरेषांमध्ये 9 मिमी तरी लागतात. कमी ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलात तर फुगा दोन भागांत तोडा. शाई करतानाही आधी अक्षरं, मग फुगे, मग चौकटी, आणि चित्र त्यानंतर.

काळाकुंचला:
सपाटपणाबद्दल. पेन्सिलीत तुम्ही करड्या छटांनी खोली दाखवता. शाईत करडा रंगच नाही, त्यामुळे ते काम रेघेच्या जाडीने आणि भरीव काळ्याने करावं लागतं. पुढच्या पात्राची बाह्यरेषा 0.8 मिमीच्या आसपास, मधल्या थरात 0.5, मागच्या इमारती 0.3. त्याहून बारीक रेघ लहान होताना तुटते. एकाच पात्रातही उजेडाच्या बाजूची रेघ बारीक आणि सावलीची जाड असू दे. हनुवटीखाली, काखेत, कपड्याच्या घडीत रेघ दाबून रुंद करा.

काळं कुठे येणार हे आराखड्यातच ठरवा आणि पेन्सिलीच्या पानावर त्या जागी फुली मारून ठेवा. चौकटीनुसार काळ्याची जागा बदलायला हवी. प्रत्येक चौकटीत काळं खाली डाव्या कोपऱ्यातच असेल तर नजर तिथेच अडते. पान उलटं धरून डोळे किलकिले करून पाहा: नुसते काळे-पांढरे आकार दिसतात आणि दोष लगेच कळतो.

आणखी एक दोष पेन्सिलीत लपतो. मागच्या खांबाची कड पुढच्या माणसाच्या खांद्याच्या कडेला नेमकी टेकली की दोन्ही एकाच अंतरावर वाटतात. खांब सरकवा. एक तर तो खांद्यामागे स्पष्ट जाऊ दे, नाहीतर स्पष्ट सुटा राहू दे.

टाकदौत:
केसाळ रेघेचं कारण बहुतेक वेळा खोडरबर. एकाच जागी पुन्हापुन्हा खोडलं की कागदाचा गुळगुळीत थर निघतो, तंतू उघडे पडतात आणि शाई त्यांतून पसरते. खोडाखोड वेगळ्या कागदावर करा आणि लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेटीवर) ठेवून ठरलेलं चित्र 2एच पेन्सिलीने हलकं उतरवून घ्या. कागदही बदला, 250 जीएसएमच्या वरचा गुळगुळीत ब्रिस्टॉल (पुठ्ठ्यासारखा ताठ चित्रकागद) टाकाला बरा.

उलट, काही जागी शाई धरतच नसेल तर ते हाताचं तेल. तळव्याखाली कोरा कागद ठेवा. नव्या निबवरही तेलाचा थर असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. निब मधल्या भोकापर्यंतच बुडवा, आणि शाई वाळून फट चिकटण्याआधी दर काही मिनिटांनी पुसा. रेघ स्वतःकडे ओढायची. ढकलली तर टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. त्यासाठी मनगट वाकवण्यापेक्षा कागद फिरवा. चौकटी आखताना पट्टीची उतरती कड खाली करून धरा, म्हणजे कड कागदापासून उचललेली राहते आणि शाई पट्टीखाली ओढली जात नाही.

निळीरेघ:
खूप आभार. 2एच ऐवजी फिकट निळी पेन्सिल वापरली तर? आणि मोठं काळं भरल्यावर कागद फुगतो, त्याचं काय?

काळाकुंचला:
निळी चालते, पण हलक्या हाताने. तिच्यातलं मेण दाट बसलं की शाई सरकते. रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनल (स्कॅनमधल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा) ठेवला की ती जवळजवळ दिसेनाशी होते. स्कॅन 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) घ्या.

मोठं काळं सगळ्यात शेवटी, कुंचल्याने, दोन पातळ थरांत भरा. आधी कागदाच्या चारही कडा बोर्डावर चिकटपट्टीने पक्क्या करा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. पेन्सिल खोडायची तीही त्यानंतरच, आणि मऊ रबराने, कारण रबराने शाईचा काळेपणा थोडा उतरतो. खोडल्यावर जिथे काळं करडं दिसेल तिथे परत एक हात द्या.