ब्लूग्रास, गॉस्पेल, ओल्ड-टाइम: नवी रेकॉर्डिंगं फारच स्वच्छ झाली आहेत का?

तबकडी (धागाकर्ता)

अलीकडची ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइमची बरीच रेकॉर्डिंगं ऐकून माझं एक मत पक्कं होत चाललंय. वाजवणारे कमालीचे तयारीचे आहेत, आवाज काचेसारखा स्वच्छ आहे, पण चार-पाच माणसं एकमेकांकडे बघत वाजवताहेत असं काही केल्या वाटत नाही. दोष मुद्रणाच्या पद्धतीचा आहे. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवायचं, कानात क्लिकची (ताल धरून ठेवणाऱ्या यंत्राची) टिकटिक सोडायची, आणि फिडलचा (म्हणजे व्हायोलिनचा) एखादा सूर घसरला तर नंतर संगणकावर ओढून जागेवर आणायचा.

ज्यांना या संगीताची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्ड-टाइम म्हणजे अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगराळ भागातलं आणि आजूबाजूच्या दक्षिणेतलं नाचाचं संगीत. फिडल आणि बँजो (कातडं ताणलेलं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य) एकच धून बरोबरीने, पुन्हा पुन्हा वाजवतात, कुणी पुढे येऊन एकट्याने चमकत नाही. ब्लूग्रास त्यातूनच निघालं. केंटकीच्या बिल मन्रोच्या बँडमध्ये डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज आला, त्याने तीन बोटांनी बँजो वाजवला, आणि एकेकाने पुढे येऊन आपला भाग वाजवायची पद्धत रुजली. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, या दोन्हींना लागूनच आहे. मन्रोचा बँड स्वतःच ‘ब्लू ग्रास क्वार्टेट’ होऊन भक्तिगीतं गायचा आणि तेव्हा बँजो-फिडल बहुधा खाली ठेवलेली असत.

आता मला पटलेलं उदाहरण. २०२५ मध्ये रियानन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो’ हा अल्बम आला. नॉर्थ कॅरोलायनातल्या १८ धुना आणि गाणी, मुख्यतः एक बँजो आणि एक फिडल. मुद्रण स्टुडिओत नाही, उघड्यावर: एक जागा त्यांचे गुरू जो थॉम्पसन यांचं घर, एक गिटारवादक एटा बेकर यांचं घर. मागे पक्षी आहेत, सिकाडा किड्यांची अखंड करकर आहे. कुणी ती पुसलेली नाही. बँजोवर नख पडतं तो ‘टक’ आधी येतो आणि सूर त्याच्या मागून, इतकं जवळून ऐकू येतं. फिडल जरा पुढे सरकलं की बँजो त्याला सांभाळून घेतो.

नव्या रेकॉर्डिंगांनी हाच रस्ता धरावा असं माझं म्हणणं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

पूर्वरंग

अजिबात पटत नाही. तुम्ही ज्या जुन्या आवाजाला नैसर्गिक मानता तो त्या काळच्या सगळ्यात नव्या तंत्राने घडवलेला होता.

१९२७ चा उन्हाळा, ब्रिस्टल गाव, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं. व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअरने तिथे जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुद्रणं केली. पुढे गाजलेली कार्टर फॅमिली आणि गायक जिमी रॉजर्स दोघंही तिथेच पहिल्यांदा तबकडीवर आले. जागा होती टोप्यांच्या व्यापाऱ्याची इमारत, आणि खोलीचा घुमारा मारण्यासाठी भिंतींवर पांघरुणं टांगली होती. म्हणजे खोलीचा आवाज नको, ही इच्छा तेव्हाही होतीच. विद्युत मायक्रोफोन १९२५ मध्ये वापरात आला होता आणि पीअर तोच घेऊन आला होता. त्याआधी भोंग्यात गावं लागायचं, तिथे सारा कार्टरचा आवाज असा उतरलाच नसता.

गाणीही जशी होती तशी आली नाहीत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. वीस-वीस कडव्यांच्या कथागीतांची चार-पाच कडवी राहिली. पीअरला अशी गाणी हवी होती ज्यांचे हक्क नोंदवता येतील, म्हणून लोक जुन्या चालींना नवे शब्द लावून आणू लागले. आणि कंपन्यांनी कॅटलॉगची सरळ दोन भागांत वाटणी केली: गोऱ्यांचं ‘ओल्ड टाइम’, काळ्यांचं ‘रेस’. फिडल-बँजो वाजवणारे काळे वादक दोन्हीकडून सुटले, कारण त्यांच्याकडून ब्लूज हवं होतं. जो थॉम्पसन (१९१८ ते २०१२) ज्या परंपरेतले, ती त्या काळच्या तबकड्यांवर जवळपास नाहीच. मग कसला जुना शुद्ध आवाज आपण परत आणायचा म्हणतो आहोत?

रॉलीकर

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा वार्षिक मेळावा २०१३ पासून २०२४ पर्यंत आमच्या रॉलीत भरायचा, २०२५ पासून तो चॅटनूगाला गेला. मेळाव्याचं खरं संगीत रात्री हॉटेलांच्या मार्गिकांत आणि जिन्यांत चालायचं.

माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण सिकाडांमुळे नाही. एका माईकभोवती उभं राहून वाजवणारा बँड जवळून बघा. डेल मकूरीचा बँड वर्षानुवर्षं असा वाजवत आला आहे. फिडलवाला आपल्या पाळीच्या दोन मात्रा आधी गजाचं टोक वर उचलून आत शिरतो, बँजोवाला त्याच क्षणी खांदा तिरका करून मागे होतो, गिटारचं तोंड किंचित वळतं. कुणाचा आवाज किती मोठा हे वाजवणारेच पावलांनी ठरवतात. तीन आवाजांत गाताना तिघांची डोकी माईकपाशी एकत्र येतात आणि वरचा टेनर अर्धं पाऊल मागे राहतो, कारण तो आवाज तसाही कापत जातो. हे निर्णय नंतर कुणा तंत्रज्ञाने घेतले तर त्याला वेगळाच बँड ऐकू येणार.

जुन्यात जायचं तर १९७१ घ्या. निटी ग्रिटी डर्ट बँडने नॅशव्हिलमध्ये मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज, जिमी मार्टिन यांना एकत्र आणून दोनच ट्रॅकच्या टेपवर मुद्रण केलं, बहुतेक गाणी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस तिथे पहिल्यांदा भेटले आणि त्यांचं बोलणंही रेकॉर्डवर तसंच ठेवलं आहे. पन्नास वर्षं उलटली तरी ते जुनं वाटत नाही.

मिक्सर_पुणे

मी स्टुडिओत काम करतो, लोकसंगीत आणि अकूस्टिक वाद्यं जास्त, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वेगळ्या खोलीत बसवायचं कारण असं की बँजो फार मोठ्याने वाजतो आणि सगळ्यांच्या माईकमध्ये शिरतो. फिडलवाल्याचा एक सूर चुकला, तर फक्त फिडल पुन्हा वाजवून भागत नाही, कारण गिटारच्या माईकमध्येही तो चुकलेला सूर आहे. मग पाचही जणांनी पूर्ण गाणं परत वाजवायचं. नावाजलेल्या बँडला हे परवडतं. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी वाजवणाऱ्यांना स्टुडिओचे दोनच दिवस मिळतात. शिवाय आता एका बँडचे पाच जण पाच राज्यांत राहतात, प्रत्येक जण घरून आपला ट्रॅक पाठवतो. क्लिक नसेल तर तो ट्रॅक जुळवायचा कसा?

मधला मार्गही आहे. रिबन माईक आठच्या आकारात ऐकतो: पुढून आणि मागून, बाजूने जवळजवळ नाहीच. बँजोवाल्याला नेमकं त्या बाजूच्या रेषेत बसवलं तर एकाच खोलीत वाजवूनही आवाज बराच वेगळा राहतो. याला दिवसभराची मांडामांड लागते आणि ती करण्याचा धीर हल्ली कमी झाला आहे, हे मी मान्य करतो. पण ‘क्लिक वापरला म्हणून जीव गेला’ हे मला मान्य नाही. तालाचा पक्का वादक क्लिकवरही झुलतो.

तबकडी

@मिक्सर_पुणे, रिबन माईकचं पटलं आणि आवडलं. क्लिकवर मात्र मी ठाम आहे. मन्रोच्या सप्टेंबर १९४६ च्या शिकागोतल्या मुद्रणांत मँडोलिनचा छाटलेला ठोका सगळ्यांना पुढे ढकलत राहतो, गाणं जरा घाई करतं आणि त्या घाईनेच अंगावर येतं. तो रेटा क्लिकला कधीच मंजूर होणार नाही.

@पूर्वरंग, पांघरुणं टांगली, खरं. पण त्या पांघरुणांच्या आत कार्टर फॅमिलीतले तिघं जण एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर होते. माझा आग्रह तेवढाच आहे.

अल्टो

गॉस्पेलबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. मी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मराठी ख्रिस्ती घरातली आहे. आमच्या उपासनेत ना. वा. टिळकांची भजनं आणि चार आवाजांत बसवलेली भाषांतरित गीतं दोन्ही गातात, त्यामुळे चौघांनी मिळून गाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

चार आवाज बरोबर लागले की त्यांच्या वर पाचवा स्वर वाजल्यासारखा भास होतो. तो गंधार किंचित उतरवून लावला तरच येतो, पेटीच्या गंधारावर येत नाही. आता गळ्याचे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर साधारणपणे प्रत्येक स्वर पेटीच्या जागी नेऊन बसवतं. चारही आवाज कागदावर बरोबर येतात आणि तो भास नाहीसा होतो. डॉयल लॉसनच्या क्विकसिल्व्हर या बँडची १९८० च्या दशकातली गॉस्पेल गाणी ऐका आणि मग आजचं एखादं झकपक क्वार्टेट ऐका, कान असेल तर फरक लगेच कळतो. माझ्या दृष्टीने क्लिकपेक्षा हे नुकसान फार मोठं आहे.

आणि या चौकडीपेक्षाही जुना थर आहे. डोंगरातल्या बॅप्टिस्ट मंडळींत एक जण ओळ सांगतो आणि सगळी सभा ती लांबवून, वळसे घेत उचलते. कीर्तनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात तसं. वाद्य एकही नसतं. ब्लूग्रास गायक राल्फ स्टॅन्लेने हे गाणं अंगात मुरवलं होतं. २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ चित्रपटासाठी त्याने ‘ओ डेथ’ एकट्याने, वाद्याविना गायलं, वय सत्तरीच्या पुढे, आणि २००२ मध्ये त्याला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी त्या संग्रहाला ‘अल्बम ऑफ द इयर’ही. आवाज तडकतो तिथे तडकू दिला आहे. मृत्यूशी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज दुरुस्त केला असता तर काय उरलं असतं?

पूर्वरंग

अल्टोताई, सुराचा मुद्दा बिनतोड आहे. पण सॉफ्टवेअर वाईट वापरलं जातं म्हणून स्टुडिओच नको, हे त्यातून निघत नाही.

गायक टायलर चाइल्डर्सने २०२२ मध्ये गॉस्पेल संग्रह काढला, ‘कॅन आय टेक माय हाउंड्स टू हेवन?’. आठ गाणी, तीन वेळा. एकदा बँड एकत्र वाजवतोय तशी, दुसऱ्यांदा त्यावर तंतुवाद्यं-वाद्यमेळ चढवून, तिसऱ्यांदा तुकडे कापून यंत्राच्या ठेक्यावर. मला तिसरं रूप सर्वांत श्रद्धाळू वाटतं. शब्द तुटतात, मधूनच उपदेशाचा आवाज येतो, जणू रात्री गाडीत रेडिओची स्टेशनं मिसळताहेत. केंटकीत वाढलेल्या माणसाला देव असाच ऐकू आला असेल तर त्याने तसंच मुद्रित करावं.

अल्टो

मी तिन्ही ऐकली आहेत. तिसऱ्यात मला प्रयोग ऐकू येतो, प्रार्थना ऐकू येत नाही. गॉस्पेल सोबत गाता आलं पाहिजे. त्या तुकड्यांबरोबर कुणी गाऊन दाखवावं.

अनवट

बँजोवादक बेला फ्लेक, झाकीर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांचा २०२३ चा ‘ॲज वी स्पीक’ या चर्चेत येतो का? २०२४ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाली. बँजो आणि मुंबईचा तबला, आपल्याला जवळचं.

रॉलीकर

अप्रतिम आहे, पण ब्लूग्रास नाही, आणि तसा दावा त्यांनीही केलेला नाही. फ्लेकचं ब्लूग्रास ऐकायचं तर २०२१ चा ‘माय ब्लूग्रास हार्ट’.

परत मूळ मुद्द्यावर. ओल्ड-टाइमच्या बैठकीत धून दहा-बारा मिनिटं सहज चालते. पहिल्या तीन-चार फेऱ्या चाल बसवण्यात जातात, आणि सातव्या-आठव्या फेरीला सगळ्यांचे गज एकदम जड पडायला लागतात. थांबायचं झालं की सुरू करणारा पाय उचलतो, ती शेवटची फेरी. तीन मिनिटांची मर्यादा तबकडीने लादली, हे पूर्वरंग यांनीच लिहिलं. आता ती मर्यादा कुठे आहे? मग नवे बँडही तीन-चार मिनिटांतच का आटपतात? बाहेर उघड्यावर मुद्रण करण्याइतकंच, एक धून पूर्ण बारा मिनिटं वाजू देणंही धाडसाचं आहे आणि ते मला फार कमी दिसतं.

मिक्सर_पुणे

कारण पैसा. स्ट्रीमिंगवर ठराविक सेकंद ऐकलं की एक वादन मोजलं जातं, स्पॉटिफायवर ३० सेकंद. बारा मिनिटांच्या एका धुनेला तेवढंच मिळतं जेवढं तीन मिनिटांच्या धुनेला. तेवढ्या वेळात चार धुना चार वेळा मोजल्या जातात.

तबकडी

म्हणजे १९२७ मध्ये मेणाच्या तबकडीने कापलं आणि आता हिशोब कापतोय. पण त्या वेळी पीअरपुढे दुसरा उपाय नव्हता, आज आहे. विक्रीच्या संग्रहात छोट्या धुना ठेवा आणि सोबत एक पूर्ण लांबीची, कुणीही न कापलेली द्या. असं केलेले कुणी बँड माहीत असतील तर नावं लिहा, मी ऐकून इथेच सविस्तर लिहीन. @अल्टो, क्विकसिल्व्हरचं नेमकं कुठलं गाणं तुम्ही म्हणता तेही सांगा, गंधाराचा तो फरक मला स्वतः ऐकायचा आहे.

अल्टो

त्यांचा १९८१ चा ‘रॉक माय सोल’ पूर्ण ऐका, हेडफोन लावून, आणि आधी फक्त खालच्या खर्जाकडे लक्ष द्या.