पुराच्या ओलीने भिंतींना बुरशी, गणपतीआधी रंग द्यावा का?

पेठमापची सून (चिपळूण), १६ ऑगस्ट २०२१

नमस्कार. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात साडेपाच फूट चढलं. आम्ही सगळे रात्रभर पोटमाळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर आठ दिवस नुसता चिखल उपसला. आता घर धुऊन झालंय, पण पाण्याच्या रेषेच्याही हातभर वर काळे-हिरवे ठिपके उठलेत आणि स्वयंपाकघरात ट्रॉल्यांच्या मागे पांढरी लव आलीय. ब्लीचने दोनदा पुसलं, चार दिवसांत पुन्हा तेच. भिंती जांभ्याच्या आहेत, वर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट.

सासूबाईंना साखर आहे, मे महिन्यात कोविडही होऊन गेला. त्या रोज विचारतात, "टीव्हीवर सांगतात ती काळी बुरशी हीच का गं?" मला उत्तर देता येत नाही. १० सप्टेंबरला गणपती. रंगारी म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारू, काही दिसणार नाही. मारू का?

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, रंग मारू नका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात छातीभर पाणी होतं. दिवाळी घरात व्हावी म्हणून मी घाईने पुट्टी भरून ऑइलपेंट मारून घेतला. डिसेंबरात त्याला फोड आले. पत्रीने खरवडलं तर आत सगळं काळं. ते सगळं काम पुन्हा करावं लागलं आणि तोवर धाकटीचा खोकला हटत नव्हता, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

भिंत पाणी पिते आणि ते आतल्या आत वर चढतं. तुमची बुरशी रेषेच्या वर आहे ती त्यामुळेच. प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट, आतली ओल बाहेर येऊच देत नाही. ब्लीचचंही तसंच. त्यात मुख्यतः पाणीच असतं. क्लोरीन वरचे ठिपके पांढरे करतो आणि पाणी गिलाव्यात मुरतं, म्हणून चार दिवसांत बुरशी परत येते. ब्लीच फरशी, टाइल्स, स्टीलची भांडी यांना वापरा, तेही संडास धुवायच्या ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका. आमच्या गल्लीत एकांनी मिसळलं होतं, क्लोरीनच्या वाफेने त्यांचा श्वास कोंडला.

आधी फुगलेला रंग आणि पुट्टी खरवडून काढा. कोरडं घासू नका, बुरशीची पूड घरभर उडते. फवाऱ्याने भिजवून घासा, नाकाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे. हातोडीने हलकेच ठोका, बद्द आवाज येईल तिथला गिलावा पाडा. मग कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्याने ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने पुसा.

खरं काम वाळवण्याचं आहे आणि चिपळूणच्या पावसात ते अवघड आहे हे कळतं. उघडीप असेल तेव्हा दारं-खिडक्या उघडा, खिडकीत पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. संततधार असेल तेव्हा मात्र बंद ठेवा, नाहीतर बाहेरचा दमटपणा आत येतो. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली की बुरशीला जोर राहत नाही. पंखा लावण्याआधी वायरमनकडून वायरिंग तपासून घ्याच, पाइपांत पाणी राहिलेलं असतं. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका, तिच्यातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू जीव घेतो.

भिंत वाळली का हे असं बघा: फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले की भिंत अजून ओली.

निवृत्त परिचारिका (रत्नागिरी)

सासूबाईंना सांगा, भिंतीवर काळं दिसतं ते म्युकर, म्हणजे टीव्हीवर सांगतात ती काळी बुरशी, असेलच असं नाही. भिंतीवरची काळी बुरशी बहुतेक वेळा वेगळ्या जातीची असते, आणि म्युकरमायकोसिस माणसाकडून माणसाला लागत नाही. पण साखर आटोक्यात नसलेल्या आणि कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला त्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे खरवडण्याचं काम चालू असताना त्यांना त्या घरात ठेवूच नका. साखर रोज मोजा. एका बाजूला चेहरा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, डोळा दुखला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रंगारी, गुहागर

सांगलीच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी एवढंच जोडतो, गणपतीला भिंती उघड्या दिसायला नको असतील तर कळीचा चुना भिजवून, गाळून, दोन हात मारा. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि तो इतका अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) असतो की बुरशी सहसा धरत नाही. प्लास्टिक पेंटवर चुना बसत नाही, म्हणून खरवडणं आलंच. रंगाचं शिमग्यानंतर बघा.

पांढरी लव दिसते तिथे पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, नुसता ब्रशने झाडून काढायचा. नाही विरघळली तर बुरशी. ट्रॉल्यांचं प्लाय फुगलं असेल तर जीव अडकवू नका ताई, ते टाकाच. कापसाच्या गाद्यासुद्धा.

पेठमापची सून (चिपळूण), २१ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तीन भिंतींना प्लास्टिक डकवलं होतं. सकाळी माजघराच्या भिंतीवर इतके थेंब होते की खाली ओघळ आला होता. रंगाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सासूबाई नणंदेकडे सावर्ड्याला गेल्या. ट्रॉल्या बाहेर काढल्या, मागची लव विरघळली नाही, म्हणजे बुरशीच. प्लाय टाकलं. ते लग्नानंतर हप्त्याने केलेलं, टाकताना रडू आलं. चुना सोमवारी आणायचा आहे. गणपती यंदा पडवीत बसवू, तिथे पाणी चढलं तरी वारा लागून भिंत बरीच सुकलीय. मखर भिंतीपासून हातभर पुढे ठेवू.

गुहागरच्या दादांना एक विचारायचं राहिलं: चुन्यात नीळ घातली तर चालेल ना? सासूबाईंना नुसता पांढरा आवडत नाही.