भार वाहणारी काच: स्थापत्याची प्रगती की नुसती हौस?

तुळई (मूळ मत)
कॅलिफोर्नियात कुपर्टिनो येथे २०१७ साली खुल्या झालेल्या ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स थिएटरच्या प्रवेशदालनात एकही खांब नाही. कार्बन फायबरचे गोल छत सुमारे २२ फूट उंच काचेच्या भिंतीवरच टेकले असून विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ काचांमधील सांध्यांतून वर नेले आहेत. कारागिरी वादातीत आहे. तरीही, मोडण्यापूर्वी कोणतीच सूचना न देणाऱ्या पदार्थाला खांबाचे काम सांगू नये, असे माझे मत आहे. पोलादी तुळई अतिभाराने आधी वाकते. काचेवरचा बारीकसा चरा मात्र ताणाखाली वाढला की सारे क्षणात संपते. टफन्ड काचेत (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेत) निकेल सल्फाइड या अशुद्धीचा कण राहिला असेल, तर ती कोणी हात न लावताही फुटू शकते.

पारदर्शी
आपण सुट्या काचेचे दोष मांडत आहात, पण भार सुट्या काचेवर टाकतच नाहीत. काचेचे अनेक थर मधल्या प्लास्टिकच्या आंतरथराने चिकटवून, एखादा थर फुटला तरी उरलेल्यांनी भार पेलावा, असा हिशेब केलेला असतो. मोटारीच्या पुढच्या काचेतले पीव्हीबी हे आंतरथराचे प्लास्टिक उन्हात मऊ पडते आणि थरांची एकजूट ढिली होते; त्याहून कितीतरी ताठ असलेल्या आयोनोप्लास्ट या प्लास्टिकमुळे हे काम सुकर झाले. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील ॲपलच्या दुकानाच्या काचघनाची (प्रवेशासाठीच्या काचेच्या घनाकार दालनाची) एक काच जानेवारी २०१४ मध्ये बर्फ हटवणाऱ्या यंत्रामुळे तडकली, घन मात्र उभाच राहिला. निकेल सल्फाइडसाठी काचा पुन्हा तापवून पाहतात, म्हणजे सदोष काच शक्यतो कारखान्यातच फुटते.

तुळई
शक्यतो! त्याच घनाच्या २००६ मधील ९० काचा २०११ मध्ये काढून १५ अवाढव्य काचा बसवल्या, त्या सांधे कमी दिसावेत म्हणून. याला मी हौसच म्हणेन.

सांधेजोड
दोघांनीही सांध्याकडे पाहावे. बोल्टसाठी काचेला भोक पाडले की त्याच्या कडेला ताण एकवटतो आणि पोलादाप्रमाणे थोडे दबून तो वाटून देणे काचेला जमत नाही. म्हणून घनात टायटॅनियमचे जोड थरांमध्येच बसवले आहेत; काचा कमी झाल्या तसे जोडही घटले, त्यामुळे तो बदल निव्वळ हौशीचा नव्हता. थिएटरच्या छताच्या बाबतीत मात्र, एकाच वेळी किती काचा गेल्या तरी ते तरेल, हे आराखड्यात लिहून दाखवता आले नाही, तर मी तुळई यांच्या बाजूने आहे.