शिराजचं फर्मेंटेशन 12 ब्रिक्सवर अडलं, आता काय करावं?

साक्रीकर
राम राम मंडळी. धुळ्यात परवानाधारक छोटी वाइनरी आहे. दिंडोरीहून शिराज (लाल वाइनची द्राक्षं) आणली. क्रेट उतरवताना फळच 31 अंशांवर होतं. टाकी 500 लिटर, सुरुवात 24 ब्रिक्स (रसातली साखर, शेकडा वजनात), पीएच 3.8. सल्फर डायऑक्साइड 50 पीपीएम धरून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) 25 ग्रॅम, ईसी-1118 यीस्ट 100 ग्रॅम, आणि यीस्टसोबतच डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारं) 50 ग्रॅम, तेवढंच. फर्मेंटेशन जोरात असताना रस 35 अंशांवर गेला. आता रिफ्रॅक्टोमीटर 12 वरून हलत नाही, बुडबुडे जवळपास बंद, साली खाली बसू लागल्यात. परत यीस्ट आणि डीएपी टाकू का? की आपल्याकडे गोडसरच चालते म्हणून अशीच बाटलीत भरू?

तापीकाठ
भाऊ, आधी मोजमाप. रिफ्रॅक्टोमीटर ताज्या रसासाठी आहे. अल्कोहोल तयार झालं की तो साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. 24 पासून निघालेल्या रसात 12 दिसतंय म्हणजे घनता 1.018 च्या आसपास, हायड्रोमीटरवर साधारण साडेचार ब्रिक्स. हाच आकडा 8-9 असता तर वाइन कोरडी (साखर संपलेली) झाली म्हणून मोकळे झाला असता.

हायड्रोमीटर लावून खात्री करा. नमुना बाटलीत हलवून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे चिकटून काटा वर उचलला जातो. हायड्रोमीटर बहुतेक 20 अंशांना जुळवलेला असतो. नमुना 35 अंशांचा असेल तर वाचनात 0.004 मिळवा. एवढं करूनही 1.015 च्या वर राहिलं आणि दोन दिवस हललं नाही, तर फर्मेंटेशन खरंच अडलंय.

सातपुडा_सेलर
अडलंच असणार, कारणं तुमच्या आकड्यांतच आहेत. रसात 35 म्हणजे वर तरंगणाऱ्या सालींच्या थरात चाळिशी गाठलेली. तापमान वाढतं तसं अल्कोहोल यीस्टला जास्त बाधतं. एवढ्या उष्णतेत 10-11 टक्के अल्कोहोलवर ईसी-1118 सुद्धा मान टाकतं. त्यात उपासमार. 24 ब्रिक्सला लिटरमागे 200 ते 250 मिलिग्रॅम नायट्रोजन लागतो. तुमच्या 50 ग्रॅम डीएपीने जेमतेम 21 मिलिग्रॅम दिला. बाकीचं द्राक्षात होतं की नाही, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आता डीएपी अजिबात नको. एवढ्या अल्कोहोलात यीस्ट ते उचलत नाही, उरलेलं बॅक्टेरियाच्या तोंडी जातं. कोरडं यीस्ट थेट भुरभुरवणंही नको, तासाभरात मरेल.

आजच साली काढून प्रेस करा आणि वाइन 22-24 अंशांवर आणा. यीस्ट हल (यीस्टच्या पेशींची रिकामी टरफलं) 100 ते 125 ग्रॅम टाकून ढवळा; मेलेल्या यीस्टने सोडलेली विषारी फॅटी ॲसिडं ते ओढून घेतात. दोन दिवसांनी गाळावरून वाइन उतरवून घ्या. मग ताजं ईसी-1118 200 ग्रॅम, 2 लिटर पाण्यात, पाणी 37-38 अंश, रीहायड्रेशनचं (यीस्ट भिजवतानाचं) पोषक घालून, 20 मिनिटं. थोडी थोडी वाइन मिसळत त्याचं तापमान खाली आणा. एका झटक्यात 10 अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. नंतर वेगळ्या ड्रममध्ये 25 लिटर वाइन, 25 लिटर पाणी आणि अडीच किलो साखर घेऊन त्यात हे यीस्ट सोडा. ड्रममधली साखर निम्मी झाली की 50 लिटर वाइन, परत निम्मी झाली की 100, मग 200, मग उरलेली. इथे घाई करतात आणि सगळं वाया जातं: साखर पूर्ण संपण्याआधी पुढची भर पडली पाहिजे, पण यीस्ट जोमात आल्याशिवाय नाही. पाणी किती घातलंत त्याची नोंद ठेवा, चव तेवढी पातळ होतेच.

सुरुवात करण्याआधी लॅबमधून व्होलाटाइल ॲसिड (मुख्यतः व्हिनेगरचं आम्ल) बघून घ्या. लिटरला 0.8 ग्रॅमच्या वर असेल तर यीस्ट उठणं अवघड. तुमचा पीएच 3.8 म्हणजे बॅक्टेरियाला मोकळं रान, त्यात केएमएसचा हिशोबही चुकलाय: केएमएसमध्ये सल्फर डायऑक्साइड सुमारे 57 टक्केच असतो. 25 ग्रॅममध्ये 28 पीपीएमच मिळाला, 50 नाही.

भरीतवाला_जळगाव
बाटलीचं बोलतो. अशीच भरलीत तर एप्रिल-मेच्या उन्हात बाटलीतच परत आंबेल, बूच उडेल. गोडसर करायचीच असेल तर ठरवून करा: वाइन स्वच्छ करून 0.45 मायक्रॉनच्या निर्जंतुक फिल्टरमधून काढा. नुसत्या पोटॅशियम सॉर्बेटवर भिस्त ठेवू नका. लॅक्टिक बॅक्टेरिया जिवंत असले तर ते सॉर्बेट खाऊन जिरेनियमच्या पानासारखा वास सोडतात, आणि तो काही केल्या जात नाही.

आपल्या लोकांना गोडसर का बरी वाटते, हेही बघा. शेवभाजी आणि काळ्या मसाल्याच्या तिखटासोबत 14 टक्क्यांची कोरडी, टॅनिनवाली शिराज जीभ जाळते. त्यात 'रूम टेम्परेचर'ला द्या म्हणतात, आणि आपल्याकडची रूम 38 अंशांची! बाटली फ्रीजमध्ये ठेवून 16-17 अंशांना दिली तर तीच वाइन वांग्याच्या भरिताबरोबर आणि कळण्याच्या भाकरीबरोबर सुरेख लागते. तेव्हा ही वाइन कोरडी होऊ द्या.

साक्रीकर
हायड्रोमीटर सुधारून 1.019. उद्या प्रेस करतो, नमुना लॅबला पाठवलाय. अजून 500 लिटरचं फळ वेलीवर आहे. चिलर नाही. त्याला कसं सांभाळू?

सातपुडा_सेलर
पहाटे तोडा, 20 किलोच्या क्रेटमध्येच भरा, आणि दिवस चढायच्या आत धुळ्यात उतरवा. 500 लिटर रस 30 वरून 22 अंशांवर आणायला 40 किलो बर्फ लागतो, पण बर्फ रसात टाकायचा नाही. दोन लिटरच्या बाटल्या गोठवून, बाहेरून धुऊन, टाकीत सोडा. दर ब्रिक्समागे तापमान साधारण 1.3 अंश वाढतं, म्हणजे 24 ब्रिक्सला एकूण वाढच तीस अंशांच्या वर. त्यामुळे एकदा थंड करून भागत नाही, बाटल्या रोज बदला. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावा. मार्चमधली आपली हवा कोरडी असते, त्याचा इथे फायदाच आहे. सालींचा थर दिवसातून तीनदा दाबा आणि थर्मामीटर त्या थरातच खुपसून बघा. 30 गाठले की लगेच बाटल्या.

टार्टरिक ॲसिड सुरुवातीलाच, लिटरला 2-3 ग्रॅम, पीएच 3.5 च्या आसपास येईपर्यंत. डीएपी आणि यीस्टचं सेंद्रिय पोषक दोन हप्त्यांत: पहिला यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी, दुसरा एक तृतीयांश साखर उतरल्यावर. त्यानंतर काही घालू नका.