शिबं आणि बांगडा
शिबं, म्हणजे कातडीवरचे फिकट डाग, मासे खाल्ल्याने होतात असं म्हणून कुणीतरी त्याचं खापर मासे खाण्यावर फोडलंय. बिचारा बांगडा! शिबं होतात ती मालासेझिया या यीस्टमुळे (ही एक सूक्ष्म बुरशी), आणि ते आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असतं. त्याला स्वतःची मेदाम्लं (तेला-तुपातले मूळ घटक) बनवता येत नाहीत. म्हणून ते लायपेज नावाची विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतं, त्वचेवरचं तेल जागच्या जागी फोडतं आणि हवी ती मेदाम्लं शोषून घेतं. आपल्या रत्नागिरीकडच्या दमट, घामट हवेत त्याचं चांगलंच फावतं.

तोंडात, जांघेत छळणारी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी वेगळी. तिच्याकडे प्रथिनं तोडणारी ‘सॅप’ नावाच्या कुटुंबातली 10 विकरं आहेत (त्यातली दोन तिच्या स्वतःच्या पेशीलाच चिकटून राहतात).

आणि हो, दुकानदाराला विचारून आणलेलं स्टिरॉइडचं मलम कृपा करून चोळू नका, बुरशी आणखी पसरते.